पाच आठवडे सॉरीविना

खालच्या मजल्यावर एक छोटं बाथरूम बांधायचं, एवढंच आमचं ठरलं होतं. माझ्या बायकोच्या, मॉरीनच्या, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन चोवीस नोव्हेंबरला होतं, आणि त्यानंतर चार महिने जिन्याचं नाव काढायचं नाही, अशी डॉक्टरांची तंबी होती. आमच्या घरातलं एकुलतं एक बाथरूम चौदा पायऱ्या चढून वर. तेव्हा एक तर बाथरूमनं खाली यायचं, नाहीतर मॉरीननं तिच्या बहिणीकडे थंडर बेला जायचं. ग्लेंडाच्या घरात सगळं तळमजल्यावर आहे, हे ग्लेंडा दर रविवारी फोन करून आम्हाला नव्यानं सांगत होती. ऑन्टॅरिओच्या या टोकापासून तिथवर गाडीनं जायला दीड दिवस लागतो, आणि हिवाळ्यात तेवढ्यात पोचू याचीही खात्री नसते. मॉरीनशिवाय चार महिने त्या घरात मी काय करणार होतो, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पण ऑगस्टपासून मी कुठल्याही खुर्चीत सलग दहा मिनिटं बसलेलो नव्हतो. उठायचो, नळ घट्ट करायचो, दारातले बूट सरळ लावायचो, पुन्हा बसायचो.

आमच्या ड्रमवेल गावाचा नियम असा, की घराची भिंत आणि शेजाऱ्याची हद्द यांच्यात चार फूट मोकळे पाहिजेत. बाथरूम झाल्यावर आमचे दोनच उरत होते. म्हणून नगरपालिकेच्या सवलत समितीकडे अर्ज करायचा होता. मी नकाशा फुटांत काढला, कारण घर फुटांत बांधलेलं आहे. खिडकीतली बाई म्हणाली, "सॉरी, मीटरमध्ये हवा." मी म्हटलं, "सॉरी, माझंच चुकलं." मीटरमध्ये काढून नेला, तर त्यात अंगणातलं मेपलचं झाड नव्हतं. झाड काढून नेलं, म्हणजे कागदावर काढून नेलं, तर उत्तर दिशेचा बाण नव्हता. एकतीस वर्षांत आमच्या घराची उत्तर कुठे हलली नाही, हे मी तिला सांगू शकलो असतो. मी सॉरी म्हटलं आणि घरी येऊन बाण काढला.

चौथ्या खेपेला अर्ज घेतला गेला आणि नगरपालिकेनं आमच्या हिरवळीवर एक भलीमोठी पिवळी पाटी ठोकली. या घरी काही तरी घडणार आहे, हरकत असल्यास कळवा, अशा मजकुराची. पाटी लागल्यावर गल्लीला कंठ फुटला. कुणी म्हणालं, जिन्याला विजेची खुर्ची बसवा. कुणी म्हणालं, कॅम्पिंगला नेतात तसलं प्लास्टिकचं भांडं आणा, आमच्या आजोबांनी त्याच्यावर दोन हिवाळे काढले. समोरच्या बाईंनी तर त्यांची भाची त्याच ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी नाचत होती, हे आम्हाला फोटोसकट दाखवलं. फोटोत ती कॅनेडियन ध्वज धरून उभी होती, नाचत वगैरे काही नव्हती.

पहिली सुनावणी सप्टेंबरच्या मध्यावर झाली. समितीच्या अध्यक्ष मिसेस डॅलरिंपल. मी टाय लावून उभा राहिलो आणि म्हणालो, "सॉरी, तुमची संध्याकाळ घेतोय." मग म्हणालो, "सॉरी, नकाशा जरा चुरगळलाय." मग, "सॉरी, दोन फूट कमी पडतायत." आवाज ऐकू येत नाही म्हणून कुणीतरी म्हणालं, तर त्यांना सॉरी. माइक हातात घेताना माइकला सॉरी. शेवटी मिसेस डॅलरिंपलनी चष्मा काढला आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "मिस्टर पर्विस, या बांधकामाचं तुम्हाला स्वतःलाच इतकं वाईट वाटतंय, तर आम्ही घाई करणं बरं दिसणार नाही. जमिनीची रीतसर मोजणी करून घ्या. पाच आठवड्यांनी पुन्हा बघू. सॉरी हं."

आता इथे या शब्दाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल हा एल्डन पर्विस म्हणजे जन्माचा लाचार. तसं काही नाही. आमच्याकडे सगळेच असे बोलतात. सॉरी म्हणजे 'मला पलीकडे जायचंय'. सॉरी म्हणजे 'ऐकू आलं नाही'. तेच जरा लांबवून म्हटलं, की 'ऐकू आलंय, पुन्हा म्हणून दाखव'. दुकानात पुढे घुसणाऱ्याला म्हटलं, तर 'रांग मागे सुरू होते'. हॉटेलात वेट्रेसला म्हटलं, तर 'या सूपमध्ये केस आहे, पण तू मनाला लावून घेऊ नकोस'. हॉकीत समोरच्याचा दात पाडल्यावरही तेच म्हणायचं आणि दात पडलेल्यानंही तेच म्हणायचं, फक्त त्याचं नीट उमटत नाही. मी स्वतः दाराला म्हटलेलं आहे, टपालपेटीला म्हटलेलं आहे आणि एकदा बँकेत आरशातल्या माणसाला म्हटलेलं आहे. त्यानंही लगेच म्हटलं. आणि एखाद्याला खरोखर आतून वाईट वाटलं, तर त्यासाठी आमच्याकडे निराळा शब्द नाही. त्यालाही हाच वापरावा लागतो.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या दुकानात क्लॅरेन्स स्टबिंग्ज भेटला. क्लॅरेन्स निवृत्त विमा एजंट आहे आणि गावाला फुकट सल्ला देतो. माझी कहाणी ऐकून त्यानं हातातला बटर टार्ट खाली ठेवला. हे तो सहसा करत नाही.

"एल्डन, तू आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलास."

"मी नुसतं सॉरी म्हटलं रे."

"अकरा वेळा! इतिवृत्तात लिहिलंय. ज्याला आपल्याच बाथरूमची लाज वाटते, त्याला ते कोण बांधू देईल?"

"पुढच्या वेळी नाही म्हणणार."

"तुला जमायचं नाही. तुझं तोंड आपलं आपण चालतं. आजपासून बंद कर. पूर्ण. लोक सिगरेट सोडतात तसं."

"कुणालाच म्हणायचं नाही?"

"मांजरालासुद्धा नाही."

मला हे पटलं. माणूस अडला की त्याला काहीही पटतं.

तिसऱ्या दिवशी वाणसामानाच्या दुकानात एका बाईंची ढकलगाडी माझ्या टाचेवर आदळली. त्या म्हणाल्या, "सॉरी!" मी गप्प. त्या थांबल्या. माझ्या वाट्याचं सॉरी आल्याशिवाय त्यांना हलता येईना. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा हळू. मी कॉर्नफ्लेक्सचा खोका उलटसुलट बघत राहिलो. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मॅनेजरला बोलावलं, मॅनेजरनं खुर्ची आणली, कुणीतरी पाणी आणलं, आणि दुकानातल्या सहा माणसांनी मला बोटं किती दिसतात ते विचारलं. मी घरी पोचण्याआधी मॉरीनला चार फोन येऊन गेले होते.

"तुला झटका आलाय म्हणे," ती म्हणाली. "ठेवायचा कुठे तुला आता? वर की खाली?"

न म्हटलेलं सॉरी जातं कुठे, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. ते पायांत उतरतं. दिवसाला तीसचाळीस सॉरी गिळून माझे पाय असे वळवळायला लागले, की चर्चमध्ये शेजारच्या बाईंनी मला हळूच विचारलं, बाहेर जायचंय का. मी गल्लीला फेऱ्या मारायला लागलो. फेऱ्या मारताना माणसं भेटायची, माणसं भेटली की पुन्हा गिळावं लागायचं, मग आणखी फेऱ्या. पंधरा दिवसांत माझं वजन सहा पौंडांनी उतरलं आणि गावात माझ्याबद्दल दोन तट पडले. एकाचं म्हणणं, एल्डनला काहीतरी झालंय. दुसऱ्याचं, एल्डन पहिल्यापासून असाच होता.

आता वेंडेल. वेंडेल क्रॉली आमचा शेजारी. ज्याच्या हद्दीपासून आमचं बाथरूम दोन फुटांवर येणार होतं, तोच. वीस वर्षं आम्ही कर्लिंगच्या एकाच संघात खेळतो. तो बर्फावर दगड सोडतो, मी पुढे झाडू मारत धावतो. बायको गेल्यापासून सहा वर्षं एकटाच राहतो. अर्जावर शेजाऱ्याची हरकत नसल्याची सही लागते, ती त्यानं न वाचता केली होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी क्लब उघडला. बूट बदलण्याच्या खोलीत वेंडेल मागे सरकला आणि त्याच्या बुटाची टाच माझ्या अंगठ्यावर पडली. आमच्याकडे ज्याचा पाय चेंगरतो त्यानं आधी सॉरी म्हणायचं असतं. आपला पाय भलत्या ठिकाणी होता म्हणून. मग चेंगरणाऱ्यानं म्हणायचं, मग दोघांनी मिळून. मी डोळ्यांत पाणी घेऊन गप्प बसलो. वेंडेलनं वाट पाहिली. मग एकट्यानंच म्हटलं, "सॉरी, एल्डन." मी झाडू घेऊन बर्फावर गेलो. त्या दिवशी त्यानं सोडलेला एकही दगड सरळ गेला नाही.

तरी तिथवर निभावलं असतं. पण सोमवारी मोजणीवाला आला. तिकाटण्यावर दुर्बीण लावून त्यानं दोन तास अंगणात कसरत केली आणि जाहीर केलं, की कुंपण चुकीच्या जागी आहे. खरी हद्द वेंडेलच्या बाजूला चौदा इंच आत. म्हणजे आमचे दोन फूट नसून तीन फूट दोन इंच होते! मी खुशीत नाचणार, तेवढ्यात त्यानं हातोडा उचलला आणि खऱ्या हद्दीवर गुलाबी फीत बांधलेली लाकडी खुंटी ठोकली. ती गेली थेट रुबार्बच्या वाफ्यात.

तो वाफा इरमाचा. वेंडेलच्या बायकोनं लावलेला. दर जूनमध्ये ती त्याच्या आंबट देठांचा मुरंबा करायची आणि आमच्याकडे तीन बरण्या यायच्या. ती गेल्यावर वेंडेलनं मुरंबा शिकून घेतला. त्याचा कडक होतो, चमचा वाकतो, पण बरण्या तीनच येतात. आणि खुंटी त्यातल्या सगळ्यात जुन्या गड्ड्याच्या मधोमध ठोकलेली.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा होतो. वेंडेल बाहेर आला. बराच वेळ खाली बघत राहिला. त्यानं टोपी काढली, मग आमच्या खिडकीकडे पाहिलं. माझा हात कडीवर गेला. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. पण बैठक आठ दिवसांवर होती, डोळ्यांसमोर थंडर बे होतं आणि कानात क्लॅरेन्स. मी पडदा ओढला. तो पडदा ओढल्याची मला आजही लाज वाटते.

"जा आणि बोल त्याच्याशी," मॉरीन म्हणाली.

"बैठक झाली की बोलतो. एवढे आठ दिवस. आणि हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना?"

"मी बाथरूम मागितलं होतं, एल्डन. वेंडेलशी अबोला नव्हता मागितला."

"मग तू बोल माझ्या वतीनं."

"माझे सॉरी मला पुरत नाहीत. तुझे तू बघ."

क्लॅरेन्स मात्र खूश होता. "चौदा इंच! आता तर मुळीच बोलू नकोस. आता तू सॉरी म्हटलंस, तर ते चौदा इंच गेले." मी विचारलं, असा कायदा आहे का. तो म्हणाला, कायदा नाही, पण भावना असते.

गुरुवारी नगरपालिकेतून वेंडेलच्या पत्राची प्रत आली. वेंडेलला भांडता येत नाही, त्यामुळे पत्र वाचवत नव्हतं. 'सॉरी, मी आधी सही केली होती. सॉरी, ती आता मागे घेतो. शेजाऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. ते चांगले लोक होते.' होते! मी ते वाचलं आणि बूट न घालता अंगणात पाच फेऱ्या मारल्या. शेजाऱ्याची लेखी हरकत म्हणजे अर्जाचं काय होणार हे सांगायला क्लॅरेन्स लागत नव्हता. रविवारी ग्लेंडानं फोनवर सांगितलं, की तिनं खोलीला नवे पडदे लावले आहेत.

बैठकीला सभागृह भरलं होतं. एरवी तिथे आठ माणसं नसतात. ढकलगाडीवाल्या बाई होत्या, चर्चमधल्या होत्या, आमचा अख्खा कर्लिंग संघ होता. क्लॅरेन्स मागच्या रांगेत. मॉरीन काठी घेऊन पहिल्या रांगेत. मी नकाशा मांडला, मोजणी मांडली, तीन फूट दोन इंच ठणकावून सांगितले. एकदाही सॉरी म्हटलं नाही. मिसेस डॅलरिंपल कौतुकानं बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, हरकत कुणाची आहे?

वेंडेल उभा राहिला. टोपी हातात.

"सॉरी," तो म्हणाला, "मला खरं तर यायचं नव्हतं. दोन फूट मला चालले असते. एक फूटही चालला असता. जमीन त्याची असेल तर त्यानं घ्यावी. पण इरमाच्या रुबार्बमध्ये खुंटी ठोकली आणि हा खिडकीतून बघत होता. आणि यानं पडदा ओढून घेतला."

तो खाली बसला.

"मिस्टर पर्विस," मिसेस डॅलरिंपल म्हणाल्या, "तुम्हाला यावर काही सांगायचंय?"

मागे क्लॅरेन्सनं ओठांवर बोट ठेवलं. मी मॉरीनकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, वेंडेलकडे बघत होती. आणि एकदम माझ्या मनात आलं, की बाथरूम मिळालं आणि हा माणूस गेला, तर त्या खिडकीतून मी काय बघणार आहे?

"सॉरी, वेंडेल," मी म्हणालो.

म्हटलं ते माझ्याच कानांना ओळखू आलं नाही. "मी बघत होतो. मला तेव्हाच बाहेर यायचं होतं. इरमाचा गड्डा फुटलेला दिसत होता आणि मी पडदा ओढला. मला लाज वाटते रे. ते चौदा इंच तुझेच, रुबार्ब तिथेच राहू दे. आणि अंगठ्याचंही सॉरी. माझा पाय मध्ये होता."

इथे थांबायला हवं होतं. पण पाच आठवड्यांचा साठा होता, बांध एकदा फुटल्यावर तो कुठे थांबतो! मी ढकलगाडीवाल्या बाईंकडे वळलो आणि टाचेबद्दल सॉरी म्हटलं. दुकानाच्या मॅनेजरला खुर्चीबद्दल. चर्चमधल्या बाईंना पायांबद्दल. टपालवाल्याला, दातांच्या डॉक्टरला, रस्ता ओलांडताना मला हात करून गेलेल्या एका शाळेच्या बसला. क्लॅरेन्सलाही म्हटलं, त्याचा सल्ला वाया घालवल्याबद्दल. ज्यांना ज्यांना म्हटलं, ते उठून मला परत म्हणत होते. संघातल्या दोघांनी तर एकमेकांना म्हटलं, कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

"सॉरी, मध्येच बोलते," मिसेस डॅलरिंपल हातोडी आपटत म्हणाल्या, "पण नऊला सभागृह रिकामं करायचंय. हरकत आहे की नाही?"

वेंडेलनं बसल्याबसल्या मान हलवली. "नाही. सॉरी."

"मंजूर."

माझे पाय त्या क्षणी शांत झाले. अडीच मिनिटं. कारण बाहेरच्या दालनात आमचा बांधकामवाला रेजी उभा होता, आणि त्यानं मंजुरीचा कागद वाचून कानामागची पेन्सिल काढली. "अपिलाला वीस दिवस द्यावे लागतात. मग परवाना. म्हणजे नोव्हेंबरअखेर. तोवर जमीन गोठते, पाया खणता येत नाही. एप्रिलमध्ये करू. सॉरी, एल्डन."

मॉरीननं पर्समधून फोन काढला. "ग्लेंडाला कळवते," ती म्हणाली, अगदी सहज. मला माहीत आहे तिचा तो सहजपणा.

"ग्लेंडाला कशाला?" मागून वेंडेलनं विचारलं.

मॉरीननं सांगितलं. जिने, चार महिने, थंडर बे. वेंडेल ऐकत राहिला.

"ऑपरेशनचं माहीत होतं. पण जाणार हे नव्हतं माहीत," तो म्हणाला. "माझ्याकडे खाली खोली आहे की. बाथरूमसकट. इरमा आजारी होती तेव्हा करून घेतलं होतं. दांड्याबिंड्या लावलेल्या आहेत. सहा वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. चार नकाशे, पिवळी पाटी, मोजणी, पाच आठवडे. "अरे मग बोलला का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस."

"तुला अवघड वाटेल म्हणून नाही विचारलं!"

"मी आपणहून म्हटलं असतं, तर तुम्हाला नाही म्हणायला अवघड गेलं असतं," वेंडेल म्हणाला. "मी म्हटलं, उगाच कशाला."

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी काही देऊ केलं तर तीनदा नको म्हणायचं. पहिल्यांदा जोरात, दुसऱ्यांदा हळू, तिसऱ्यांदा नुसतं हात हलवून. मग त्यानंही कदाचित नाद सोडायचा. मी पहिल्या नकोसाठी श्वास घेतला.

"थँक्यू, वेंडेल," मॉरीन म्हणाली. "नोव्हेंबरच्या वीस तारखेला सामान आणते."

दालनातली सगळी माणसं तिच्याकडे वळून बघायला लागली. वेंडेलची तर तयारीच नव्हती. त्यानं टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

"नक्की ना?"

"नक्की. मला लांब जायचं नाहीये, वेंडेल. कधीच जायचं नव्हतं." फोन तिनं परत पर्समध्ये टाकला. "मी गेल्यावर याचं काय होईल, हे याला कुणी विचारायला हवं होतं, एवढंच."

वेंडेलनं माझ्याकडे बोट केलं. "आणि हा?"

मॉरीननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी तोंड उघडलं.

"आणू," ती म्हणाली. "पण हा एका जागी बसत नाही, सांगून ठेवते."

मग ती जिन्याशी थांबली. नगरपालिकेला बाहेर नऊ पायऱ्या आहेत. एका बाजूनं मी तिचा हात धरला, दुसऱ्या बाजूनं वेंडेलनं, आणि आम्ही एकेक पायरी उतरायला लागलो.